संयुक्त तपास पथक: हद्दीपलीकडच्या तपासाचा कायदा (एमएच१७ च्या निमित्तानं)

आम्स्टेलकाठ (धागाकर्ती) | शनिवार, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी,

मागच्या रविवारी फेइफहाउझनला जाऊन आले. आम्स्टेलव्हेनहून सायकलनं तासाभराचा रस्ता. स्खिपोल विमानतळाजवळ तिथे २९८ झाडं लावली आहेत. १७ जुलै २०१४ ला पूर्व युक्रेनवर पाडल्या गेलेल्या एमएच१७ विमानातल्या प्रत्येक माणसामागे एक. भोवती सूर्यफुलं, कारण विमानाचे तुकडे पडले ते सूर्यफुलांच्या शेतांत. एका झाडाशी एक आजोबा उकिडवे बसून बुंध्यालगतचं तण हातानं उपटत होते. नखांत माती गेली होती. मी काही विचारलं नाही.

रात्री पुण्याहून भावाचा फोन आला. त्याला हे सांगितलं तर त्याचा पहिलाच प्रश्न: "विमान मलेशियाचं, पडलं युक्रेनमध्ये, मेलेल्यांपैकी १९६ डच. मग गुन्हा दाखल कुठे झाला आणि तपास कोणी केला?" मी इथे कायद्याच्या कागदपत्रांची भाषांतरं करते, त्यामुळे हे कागद रोज डोळ्यांखालून जातात. फोनवर अर्धवट सांगितलं, म्हणून इथे नीट लिहिते.

दुसऱ्या देशात पुरावा असेल तर जुनी पद्धत म्हणजे विनंतीपत्र. इथल्या सरकारी वकिलानं तिथल्या सरकारला लिहायचं, "अमक्याचा जबाब घ्या, तमक्या खात्याचे उतारे पाठवा." तिथला अधिकारी ते सवडीनं करणार. त्याला आपल्या गुन्ह्याची माहिती कागदावर आहे तेवढीच. जबाबात साक्षीदार एखादं नवीन नाव बोलून गेला तरी तो त्यामागे जाणार नाही, कारण ते पत्रात नाही. त्या नावासाठी पुन्हा पत्र.

युरोपीय संघानं २९ मे २००० च्या परस्पर साहाय्य करारात, कलम १३ मध्ये, वेगळा रस्ता काढला: संयुक्त तपास पथक. करारावर सह्या झाल्या, पण देशोदेशींच्या संसदांची मंजुरी रेंगाळली. तेवढ्यात ११ सप्टेंबर २००१ चे अमेरिकेतले हल्ले झाले आणि थांबायला वेळ नाही हे सगळ्यांना कळलं. मग तेवढंच कलम उचलून १३ जून २००२ च्या चौकट निर्णयात (सगळ्या सदस्य देशांना बांधणारा संघाचा निर्णय) घातलं. मूळ करार अमलात यायला २००५ उजाडलं.

त्यात काय आहे ते माझ्या शब्दांत सांगते.

दोन किंवा जास्त देशांचे सक्षम अधिकारी आपसांत करार करतात. एका ठरावीक गुन्ह्यासाठी, ठरावीक मुदतीसाठी. मुदत सगळ्यांच्या संमतीनं वाढवता येते. पथकात कोण कोण आहे ते करारात लिहिलेलं असतं. पथक ज्या देशात काम करतं, तिथलाच कायदा लागू आणि तिथलाच अधिकारी प्रमुख. म्हणजे डच पोलीस बेल्जियममध्ये गेला तर तो बेल्जियन प्रमुखाच्या हाताखाली. झडतीच्या वेळी हजर राहण्याचा त्याला हक्क आहे. प्रमुख त्याला खास कारणासाठी बाहेर ठेवू शकतो, किंवा यजमान देशाचा कायदा आणि त्याचा स्वतःचा देश दोघांची हरकत नसेल तर एखादी कारवाई त्याच्यावर सोपवूही शकतो.

सगळ्यात मोलाचं वाक्य पुढे आहे. बेल्जियममध्ये बसलेल्या त्या डच पोलिसाला नेदरलँड्समध्ये एखादी झडती हवी असेल, तर तो थेट आपल्याच खात्याला सांगतो. विनंतीपत्र नाही. तो गुन्हा जणू नेदरलँड्समध्येच तपासाला आहे असं धरून काम होतं. मिळालेली माहिती पथकातल्या सगळ्यांची, आणि ती ज्या कारणासाठी पथक नेमलं त्याच कारणासाठी वापरायची. दुसरीकडे वापरायची तर जिथून मिळाली त्या देशाची आधी संमती. सार्वजनिक सुरक्षेला तातडीचा, गंभीर धोका असेल तर त्यासाठी मात्र वाट वेगळी ठेवली आहे.

आता एमएच१७. नेदरलँड्स, बेल्जियम, ऑस्ट्रेलिया आणि युक्रेन यांनी ऑगस्ट २०१४ मध्ये पथकाचा करार केला, मलेशिया नंतर त्यात आलं. युक्रेन युरोपीय संघात नाही, मग कलम १३ कसं चाललं? ते चाललंच नाही. तिथे युरोप परिषदेचा (ही युरोपीय संघाहून वेगळी संघटना, युक्रेन तिचा सदस्य) ८ नोव्हेंबर २००१ चा दुसरा पूरक करार उपयोगी पडला. त्याच्या कलम २० मध्ये जवळजवळ याच शब्दांत संयुक्त पथकाची सोय आहे.

पथकानं २०१६ मध्ये सांगितलं की विमान पाडणारं बुक हे विमानवेधी क्षेपणास्त्र रशियाच्या हद्दीतून आणलं होतं. २०१८ मध्ये कुर्स्कच्या ५३ व्या विमानवेधी ब्रिगेडचं नाव घेतलं. २०१९ मध्ये चार संशयित जाहीर झाले, ९ मार्च २०२० ला स्खिपोलच्या न्यायसंकुलात हेगच्या डच न्यायालयापुढे खटला उभा राहिला, आणि १७ नोव्हेंबर २०२२ ला तिघांना जन्मठेप झाली. चौथा निर्दोष सुटला.

ज्यांना यातला प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी जरूर लिहा. माझं ज्ञान कागदाचं आहे.

---

कोयनामाई | शनिवार, सकाळी १०:१५

ताई, छान लिहिलंत. एक शंका. तिघांना जन्मठेप झाली म्हणता, पण ते तुरुंगात आहेत का? नसतील तर एवढ्या पाच देशांच्या खटाटोपाचा त्या आजोबांना उपयोग काय झाला?

---

जुनी_डायरी | शनिवार, दुपारी १२:३२

मी महाराष्ट्र पोलिसांतून निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. अनुभव विचारला आहे म्हणून लिहितो.

परराज्यात आरोपी आणायला मी किती वेळा गेलो असेन, मोजलं नाही. पद्धत ठरलेली असते. स्थानिक ठाण्यात जायचं, स्टेशन डायरीला नोंद करायची, तिथले दोन अंमलदार सोबत घ्यायचे, पंच तिथलेच घ्यायचे. अटक केली की जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे उभं करून ट्रान्झिट रिमांड (आरोपीला परराज्यातून नेण्याची परवानगी) घ्यायचा आणि मगच गाडीत बसवायचं. कोल्हापूरची हद्द ओलांडून बेळगावात गेलो तरी कायदा एकच असतो, फक्त भाषा बदलते. तरीही स्थानिक पोलिसांशी सूर जुळला नाही तर आरोपी हातचा जातो, हे मी पाहिलं आहे.

परदेशाचा अनुभव एकच, आणि तो कडू आहे. कार्डांची नक्कल करून एटीएममधून पैसे काढणाऱ्या टोळीचा तपास माझ्याकडे होता. त्यातले काही व्यवहार युरोपातल्या एका शहरातल्या यंत्रांवर झाले होते. कॅमेऱ्याचं चित्रण हवं होतं. मी न्यायालयात अर्ज केला, विनंतीपत्र मंजूर झालं, ते वरच्या कार्यालयांतून फिरत दिल्लीला गेलं. तिथून शेरा येऊन परत आलं की कोणत्या गुन्ह्याच्या कोणत्या घटकासाठी हा पुरावा लागतो ते स्पष्ट करा. केलं. मग तिकडच्या भाषेत भाषांतर, ते प्रमाणित करून घेणं, पुन्हा पाठवणं. जवळपास दोन वर्षांनी लाखेची मोहोर असलेला जाड लिफाफा आला. मुद्देमाल कारकुनाच्या टेबलावर, त्याच्यासमोरच फोडला. आत एका पानाचं उत्तर: चित्रण तीस दिवसांनंतर पुसलं जातं, त्यामुळे उपलब्ध नाही.

तिथला एखादा अधिकारी तपासात माझ्या शेजारी बसलेला असता तर त्यानं हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं, आणि त्याच संध्याकाळी ते चित्रण राखून ठेवायला लावलं असतं. आपलं ते "सगळ्यात मोलाचं वाक्य" वाचून मला तो लिफाफा आठवला.

---

आम्स्टेलकाठ | शनिवार, दुपारी २:०५

@जुनी_डायरी, साहेब, मनापासून आभार. अगदी हेच. पथकाचा मोठा फायदा पहिल्या काही दिवसांत असतो. २३ ऑक्टोबर २०१९ ला इंग्लंडमध्ये एसेक्समधल्या ग्रेजला एका ट्रेलरमध्ये ३९ व्हिएतनामी माणसं मृत सापडली. ट्रेलर बेल्जियमच्या झेब्रुगे बंदरातून आला होता, माणसं त्याआधी फ्रान्समधून आणली होती, आणि त्यामागच्या टोळीची माणसं आयर्लंडशी जोडलेली. ब्रिटन, बेल्जियम, फ्रान्स, आयर्लंड यांचं पथक झालं. मे २०२० मध्ये बेल्जियम आणि फ्रान्समध्ये एकाच दिवशी २६ जणांना उचललं. विनंतीपत्रांवर हे शक्य नव्हतं. एका देशात धाड पडली की दुसऱ्या देशातले फोन लगेच बंद होतात.

पैशाचंही लिहायचं राहिलं. पथकाला लागणारा प्रवास, मुक्काम, दुभाषी आणि भाषांतर यांचा खर्च हेगमधली युरोजस्ट ही संस्था देऊ शकते. लॅपटॉप आणि फोनही उसने मिळतात. ऐकायला किरकोळ वाटेल. पण हजारो पानांच्या भाषांतराचं बिल कोणी भरायचं यावरच लहान देशांचा तपास अडतो, हे मी माझ्या धंद्यामुळे रोज बघते.

@कोयनामाई, नाही, या शिक्षेसाठी त्या तिघांपैकी कोणीही तुरुंगात नाही. खटला त्यांच्या गैरहजेरीत चालला. रशियाची राज्यघटना स्वतःचा नागरिक दुसऱ्या देशाच्या हवाली करू देत नाही. या प्रश्नावर सविस्तर लिहायचं आहे, रात्री लिहिते.

---

मांडवीतीर | शनिवार, सायं. ५:४८

मी पणजीला वकिली करते. भारताची बाजू थोडी मांडते, कारण "आपल्याकडे का नाही" हा प्रश्न येणारच.

आपल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत संयुक्त तपास पथकाचं कलम नाही. आहे ते कलम ११२, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १६६क: तपासी अधिकाऱ्यानं अर्ज करायचा, न्यायालयानं परदेशी न्यायालयाला किंवा अधिकाऱ्याला विनंतीपत्र द्यायचं. उलट बाजूनं आलेल्या पत्रासाठी कलम ११३. केंद्रीय गृह मंत्रालय हे त्याचं मध्यवर्ती प्राधिकरण. २०१९ च्या दुरुस्तीनं राष्ट्रीय तपास संस्थेला भारताबाहेर घडलेल्या गुन्ह्यांचाही तपास करता येतो, पण तोही आंतरराष्ट्रीय करार आणि त्या देशाचा कायदा सांभाळून. म्हणजे दार शेवटी तिथल्या सरकारनंच उघडायचं.

एक खिडकी मात्र आहे. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा २००० सालचा करार, ज्याला पालेर्मो करार म्हणतात, त्याच्या कलम १९ मध्ये संयुक्त तपास आहे. कायमचा करार नसला तरी एकेका प्रकरणापुरतं ठरवता येतं. भारतानं तो २०११ मध्ये मंजूर केला. तेव्हा आंतरराष्ट्रीय कायद्याची आडकाठी नाही. अडचण घरातली आहे. उद्या परदेशी अधिकारी पणजीत झडतीला हजर राहिला तर तो कोण? पंच, साक्षीदार की पोलीस? त्यानं विचारलेल्या प्रश्नावर आलेलं उत्तर जबाबात कसं धरायचं? त्याच्या हातून कुणाला इजा झाली तर भरपाई कोण देणार? युरोपच्या करारात या शेवटच्या प्रश्नाचंही उत्तर आहे: जिथे नुकसान झालं तो देश आधी भरपाई देतो आणि अधिकारी पाठवणारा देश ती नंतर त्याला परत करतो. आपल्याकडे यातलं काहीच लिहिलेलं नाही, आणि न लिहिलेल्या गोष्टीवर बचावाचा वकील पहिल्याच तारखेला बोट ठेवणार. मीही ठेवीन.

---

प्रश्नचिन्ह_७ | शनिवार, रात्री ८:२०

पठाणकोटच्या वेळी पाकिस्तानचं पथक आलं होतं ना? बातम्यांत त्यालाही हेच नाव होतं. आणि २६/११ ला तर एफबीआय मुंबईत होती. मग भारतात असं झालंच नाही, असं कसं म्हणता येईल?

---

जुनी_डायरी | शनिवार, रात्री ९:१०

नाव तेच, गोष्ट वेगळी. मार्च २०१६ मध्ये पठाणकोटला आलेलं पथक पाकिस्ताननं स्वतःच्याच वेगवेगळ्या संस्थांचे अधिकारी एकत्र करून नेमलं होतं. त्यात भारताचा कोणी सदस्य नव्हता. त्यांना हवाई तळाचा ठरावीक भाग दाखवला, साक्षीदारांची गाठ घालून दिली. आपलं पथक तिकडे जायचं होतं, ते कधी गेलं नाही.

२६/११ मध्ये एफबीआयची मदत मोठी होती. जीपीएस यंत्रांची तपासणी त्यांच्या तज्ज्ञांनी केली आणि मुंबईच्या विशेष न्यायालयात साक्षही दिली. जून २०१० मध्ये आपले अधिकारी शिकागोला जाऊन २६/११ च्या कटातल्या डेव्हिड हेडलीची चौकशी करून आले. फेब्रुवारी २०१६ मध्ये तोच हेडली माफीचा साक्षीदार म्हणून दूरचित्र यंत्रणेवरून मुंबईच्या न्यायालयापुढे बोलला. पण हे सगळं दोन स्वतंत्र तपासांनी एकमेकांना दिलेला हात होता. अमेरिकेचा खटला अमेरिकेत, आपला आपल्याकडे.

आणि नियम आधी लिहून न ठेवल्यानं काय होतं तेही याच खटल्यात दिसलं. मार्च २०१२ मध्ये पाकिस्तानचा न्यायिक आयोग मुंबईत येऊन साक्षी नोंदवून गेला. उलटतपासणी करायची नाही असं ठरलं होतं. परत गेल्यावर तिकडच्या न्यायालयानं तेवढ्याच कारणावरून तो अहवाल बाद केला. सप्टेंबर २०१३ मध्ये आयोग पुन्हा आला, तेव्हा उलटतपासणी झाली. आमच्या माणसांनी तीच साक्ष दोनदा दिली. त्यातला एक अधिकारी माझ्या ओळखीचा. त्याला त्या रात्रीचं पुन्हा सगळं सांगताना काय वाटलं असेल, ते मला विचारवलं नाही.

---

निरंजन_उ | शनिवार, रात्री १०:०२

पोलिसांची अडचण समजली. पण दुसरी बाजू कोणीच मांडत नाहीये, म्हणून मांडतो. कायद्याचा विद्यार्थी आहे.

एन्क्रोचॅट आठवून बघा. गुप्त संदेशांचे खास फोन, जगभर सुमारे ६० हजार वापरणारे. सर्व्हर फ्रान्सच्या रूबे शहरात. एप्रिल २०२० मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्स यांचं संयुक्त पथक झालं, फ्रेंच पोलिसांनी त्या यंत्रणेत शिरकाव केला आणि १३ जूनला कंपनीला सुगावा लागेपर्यंत सगळे संदेश वाचले गेले. युरोपोलनं (युरोपीय संघाची पोलीस संस्था) २०२३ मध्ये अटकेचा आकडा दिला: ६,५५८. त्यांत खरे गुन्हेगार असणार, वाद नाही. पण शिरकाव नेमका कसा केला हे फ्रान्सनं संरक्षणविषयक गुपित म्हणून झाकून ठेवलं. जर्मनीतल्या आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून ते संदेश उभे राहिले, आणि ते मिळवले कसे हे तपासायची त्याला सोय नाही. ज्या देशाचा नियम सगळ्यात सैल तिथून पुरावा मिळवायचा आणि कडक नियमाच्या देशात वापरायचा, असा रस्ता यातून तयार होत नाही का?

---

आम्स्टेलकाठ | रविवार, पहाटे ०:३५

@निरंजन_उ, होतो. हा धोका खरा आहे आणि मी तो मूळ लेखात लिहायला हवा होता. पथक जिथे काम करतं तिथला कायदा लागू, या एका वाक्याची ही दुसरी बाजू आहे.

युरोपीय संघाच्या न्यायालयानं ३० एप्रिल २०२४ ला याच एन्क्रोचॅट प्रकरणात निकाल दिला. फ्रान्सकडे आधीच असलेला पुरावा मागवायला जर्मन सरकारी वकिलाचा आदेश पुरतो, हे मान्य केलं. पण सोबत हेही सांगितलं की ज्या पुराव्याचा निकालावर निर्णायक प्रभाव पडणार आहे, त्यावर आरोपीला परिणामकारकपणे बोलता येत नसेल तर फौजदारी न्यायालयानं तो वगळायचा. मला हा निकाल अर्धाच दिलासा वाटतो. "परिणामकारकपणे" म्हणजे किती, हे प्रत्येक न्यायाधीश आपापलं ठरवणार.

एमएच१७ मध्येही हा प्रश्न होता, दुसऱ्या रूपात. फोन संभाषणांचे बरेचसे पुरावे युक्रेनच्या सुरक्षा सेवेनं दिले होते. युक्रेन पथकाचा सदस्य, आणि त्याच युद्धातला पक्षही. मलेशियाचे तेव्हाचे पंतप्रधान महाथीर मोहम्मद यांनी २०१९ मध्ये निष्कर्षांवर उघड शंका घेतली, आणि त्यांचा देश तर पथकात होता! हेगच्या न्यायालयानं यावर निकालात लिहिलं की हा पुरावा जपून वापरला आहे, दुसऱ्या स्वतंत्र गोष्टींशी ताडून. मी तेव्हा खटल्याचं थेट प्रक्षेपण बघायची. संभाषण ऐकवायचं, मग तो आवाज ज्या फोनचा तो तेव्हा कोणत्या मनोऱ्याच्या कक्षेत होता ते नकाशावर, मग त्याच रस्त्यावर कुणीतरी काढलेलं ट्रेलरवरच्या बुकचं छायाचित्र. तासन्‌तास हेच. कंटाळवाणं होतं, आणि त्या कंटाळवाण्या कामामुळेच तो पुरावा टिकला असं मला वाटतं.

आता @कोयनामाई. सुरक्षा परिषदेत आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाचा ठराव २९ जुलै २०१५ ला रशियानं नकाराधिकारानं पाडला. तेव्हा पुरावे कुठे न्यायचे हाच प्रश्न होता. पथकाचे पुरावे डच न्यायालयात चालतील असे गोळा केले होते म्हणून खटला इथे उभा राहिला. नातेवाइकांना न्यायालयात उभं राहून बोलता आलं. निकालपत्रात कोणी, कुठून, कोणत्या क्षेपणास्त्रानं, हे लिहिलं गेलं. ८ फेब्रुवारी २०२३ ला पथकानं तपास थांबवला, कारण पुढचा पुरावा रशियात होता आणि तिथे जायचा रस्ता नव्हता. पुढे ९ जुलै २०२५ ला युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानं विमान पाडण्याची जबाबदारी रशियावर ठेवली. जो देश सही करत नाही, त्याच्या दारापाशी पथक थांबतं. त्याला कुठल्याच कलमात उत्तर नाही. त्या आजोबांना हे पुरलं का, ते मी सांगू शकत नाही.

---

कोयनामाई | रविवार, सकाळी ८:११

ताई, वाचलं. दोनदा वाचलं. माझा चुलतभाऊ मालवाहू जहाजावर असताना परक्या बंदरात गेला. काय झालं ते आम्हाला अजून नीट कळलेलं नाही. तिथल्या पोलिसांचा कागद आला तो त्यांच्या भाषेत, दीड पानाचा. "कोणी, कुठून, कशानं" एवढं लिहिलेलं एक निकालपत्र आमच्या काकूला मिळालं असतं तरी चाललं असतं.

---

मांडवीतीर | रविवार, सकाळी ११:२६

@कोयनामाई, तो कागद जपून ठेवा. प्रमाणित भाषांतर करून घ्यायचं असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, भाषा कुठली तेवढं कळवा.

@आम्स्टेलकाठ, युरोपीय संघाचा पथकाच्या कराराचा नमुना आहे ना? तो मराठीत आणता येईल का? आमच्याकडच्या तरुण वकिलांना दाखवायचा आहे.

---

आम्स्टेलकाठ | रविवार, दुपारी १:५०

आहे, सुधारित नमुना. अडीच पानं करून बघितली. पक्षकार, हेतू, मुदत, कोणत्या देशांत काम चालणार, प्रमुख, सदस्य, माहिती आणि पुरावा, खर्च, अशी कलमं आहेत. दुसऱ्या देशातून आलेल्या सदस्याला "प्रतिनियुक्त सदस्य" लिहिलं आहे. चालेल का?

---

जुनी_डायरी | रविवार, दुपारी ३:१५

प्रतिनियुक्त नको. आमच्या खात्यात प्रतिनियुक्ती म्हटलं की माणूस मूळ ठिकाणाहून सुटला, आता त्याचा साहेब वेगळा, पगार वेगळीकडून, असा अर्थ होतो. इथे तर त्यानं आपल्या खात्याशी जोडलेलंच राहायचं आहे, त्याच्यातच सगळी ताकद आहे. "पाठवलेला सदस्य" लिहा. हवालदारालाही कळेल.

---

आम्स्टेलकाठ | रविवार, दुपारी ३:२२

"पाठवलेला सदस्य" केलं. पुढचं कलम पुराव्याचं आहे, ते आज रात्री टाकते.